बिनपगारी संशयित

तो तपास आठवला की आजही मला बसल्या जागी एकट्याला हसू फुटतं. आमची सौ. आतून विचारते, "मस्कत आठवलं का?" मी हो म्हणतो. ती म्हणते, "आठवू दे. तब्येतीला चांगलं असतं."

चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. फौजदार म्हणून लागलो, वरिष्ठ निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. दरोडे तपासले, खून तपासले, मंत्र्यांच्या दौऱ्यात हरवलेला त्यांच्या स्वीय सहायकांचा चष्माही तपासला. चष्मा त्यांच्याच डोक्यावर होता, तो पंचांसमक्ष ताब्यात घेतला. या सगळ्यात माझी फजिती झालीच नाही असं नाही. पण नीट, पद्धतशीर, पंचनामा करावा अशी फजिती एकदाच झाली. ती ओमानमध्ये झाली, जिथे मला शिट्टी वाजवायचासुद्धा अधिकार नव्हता. नावं कुणाची घेत नाही. ही सवय नोकरीतली, आणि या प्रकरणात नाव घेतलं तर मला घरी जेवायला मिळणार नाही.

निवृत्तीला तेव्हा अकरा महिने उरले होते. आमची एकुलती एक लेक मस्कतला अल् खुवैरमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करत होती. तिने फोनवर सांगितलं की तिला एक मुलगा पसंत आहे. कोकणातला आहे, एअर कंडिशनिंगचा इंजिनियर आहे, तिथल्याच एका कंत्राटदार कंपनीत आहे. "तुम्ही येऊन बघून जा," म्हणाली.

मी अर्जित रजा टाकली आणि परदेशी जाण्याची परवानगी मिळवली. तिला लागलेल्या सह्या मोजल्या तर खुनाच्या दोषारोपपत्राला कमी लागतात. सौ. तिच्या आईच्या आजारपणात अडकली होती, म्हणून मी एकटाच निघालो. निघताना ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात तर हो. नाही म्हणालात तर मी तिला समजावते. पण नीट बघून या. पोरगी एकच आहे आपल्याला."

म्हणजे एका लग्नाचा निकाल माझ्या अहवालावर आला.

स्थळाची चौकशी ही आपल्याकडची जुनी रीत. मुलाच्या ऑफिसात कुणी ओळखीचं आहे का, शेजारी काय म्हणतात, पानवाला काय म्हणतो, हे सगळं गुपचूप काढायचं. मी पोलिसात असल्यामुळे अख्ख्या नात्यातल्या स्थळांच्या चौकशा माझ्याकडेच यायच्या. वीस-बावीस तरी केल्या असतील. माझी कामगिरी सांगतो. मी नाकारलेला एक मुलगा पुढे उपजिल्हाधिकारी झाला. मी पास केलेला एकजण अजून सासऱ्याच्या घरी राहतो आणि जेवणात खोड्या काढतो. तरी नातेवाइकांचा विश्वास उडाला नाही, याचं श्रेय वर्दीला.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीने त्याला जेवायला बोलावलं. यापुढे त्याला संशयित म्हणतो. संशयित वेळेवर आला, पाया पडला, दोनदा वाढून घेतलं. बोलणं मोकळं. पण मी माणसाच्या बोलण्याकडे कमी आणि पायताणाकडे जास्त बघतो. बुटाला नवा तळ बसवलेला. फोनचा एक कोपरा फुटलेला. खाली उभी असलेली गाडी इतकी जुनी की आमच्या ठाण्याच्या आवारात जप्त म्हणून पडलेली वाटावी. स्वतः एसीचा इंजिनियर आणि गाडीचा एसी खडखडतोय. राहायला माबेलात, शहराच्या पार टोकाला, तिघांबरोबर भागीत.

"माबेलाहून रोज येतोस?" मी विचारलं.

"हो काका. भाडं कमी पडतं."

पगार लेकीने सांगितला होता. त्या पगारात हा माणूस अल् खुवैरमध्ये ऐटीत राहू शकला असता. मी वही काढली. हो, एक वही विकत घेतली होती, केस डायरी लिहायला. तिच्यात पहिली नोंद केली: पैसा जातो कुठे?

दोन दिवसांनी खबर मिळाली. माबेलात एक मालवणी गृहस्थ कामगारांसाठी जेवणाची मेस चालवायचे. लेकीला नकळत मी त्यांना गाठलं. सोलकढीचं कौतुक केलं, मग आणखी एकदा केलं. खबरी जेवणावर बोलतो, हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगत आलो.

"सायबानू, पोरगो चांगलो आसा, त्यात वाद नाय," ते म्हणाले. "पण एक सांगतंय, माझा नाव खंय घेव नकात. त्याच्या कंपनीत तीन म्हयने पगार नाय."

"तीन महिने?"

"तीन. तेलाचे भाव पडले ना, सगळीकडे तशीच बोंब. त्या कंपनीची सात-आठ माणसां माझ्याकडे जेवतत. सगळ्यांची उधारी. इचारला की इन्शाल्ला पुढच्या म्हयन्याक. हो एकटो मात्र एक तारखेक रोख पैशे आणून देता." त्यांनी आमटीतला डाव हलवायचा थांबवला. "खंयसून आणता, देव जाणे."

माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. आमच्या खात्यात याला अपसंपदा म्हणतात. ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त पैसा. इथे तर ज्ञात उत्पन्न शून्य, आणि माणूस मेसचं बिल एक तारखेला देतोय, भाडं देतोय, कोकणात आईवडिलांना पैसे पाठवतोय. तीन महिने पगार नाही हे त्याने मला सांगितलं नव्हतं. लेकीला तरी सांगितलं असेल का? पोरीची फसवणूक होतेय, माझ्या मनाने लगेच पक्कं केलं. हवाला, जुगार, नाहीतर कुणाचे तरी पैसे गोळा करून फिरवणं. कलमंसुद्धा मनात लावून टाकली, पलीकडच्या देशातली कलमं मला ठाऊक नसताना.

व्हॉट्सअॅपवरून थेट बोलायला तिथे तेव्हा बंदी होती. आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. मी इमारतीच्या जिन्यात उभा राहून हळू आवाजात कळवलं: "बाब गंभीर आहे."

सौ.चं उत्तर आलं: "गंभीर म्हणजे काय? पितो?"

"नाही."

"मग बाई आहे का कुणी?"

"तपास चालू आहे."

"अहो, तुम्ही सरळ त्यालाच विचारा ना."

"तपासाची एक पद्धत असते," मी म्हणालो. यावर तिने आवाज पाठवला त्यात नुसता उसासा होता.

गुरुवारी संध्याकाळी मी पाळत ठेवायचं ठरवलं. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे गुन्हेगार जे करायचं ते गुरुवारी करणार, असं माझं अनुमान. माबेलात त्याच्या इमारतीसमोर एक टॅक्सी थांबवली. तिकडे टॅक्सी ओमानीच चालवतात. हे म्हातारे गृहस्थ होते, पांढरी दाढी, डोक्यावर नक्षीची टोपी, कामापुरतं हिंदी येणारे. संशयिताची गाडी निघाली.

"उसके पीछे," मी म्हणालो.

"वो चोर है?"

"मालूम नहीं अभी."

"तुम कौन?"

"पुलिस. इंडिया का."

म्हाताऱ्याने मला आरशातून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पुलिस है, तो गाडी किधर है तुम्हारा?"

मी नुसतं समोरच्या गाडीकडे बोट दाखवलं. पण माणूस रसिक निघाला. त्याने तीन मोटारी मध्ये ठेवून, दिवे बघून, असा काही पाठलाग केला की माझ्या ठाण्यातल्या कुठल्याही ड्रायव्हरला जमला नसता. मध्येच म्हणाला, "मेरा बेटी का शादी में मैं भी ऐसा किया." मी विचारलं, मग? "अच्छा आदमी था. यल्ला, छे बच्चा है अभी." हा पुरावा मी त्या वेळी विचारात घ्यायला हवा होता.

संशयित अल् खुवैरला आला आणि एका चहाच्या दुकानासमोर थांबला. तिथली पद्धत अशी की गाडीतून कुणी उतरत नाही. हॉर्न वाजवायचा, दुकानातला माणूस चहा गाडीत आणून देतो. आम्ही पन्नास पावलं मागे, एका पिकअपच्या आडोशाला थांबलो. दहा मिनिटांत एक बाई आली, हातात जाडजूड फाइल, आणि त्याच्या गाडीत बसली. पाठमोरी. डोक्यावरून ओढणी. दोघं फाइल उघडून डोकं घालून बसले.

"औरत," म्हातारा हळहळून म्हणाला.

"हां," मी म्हणालो. मी वहीत वेळ लिहिली. लेकीला हे कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत, ते मात्र वहीत लिहिता येईना. चौतीस वर्षांत माणसांना वाईट बातम्या किती दिल्या, पण स्वतःच्या पोरीला द्यायची नसते.

तेवढ्यात चहावाला आमच्या टॅक्सीशी आला. हातात ट्रे, दोन कागदी पेले.

"हमने नहीं मंगाया," मी म्हणालो.

"वो सामनेवाली गाडी में मॅडम हैं, उन्होंने भेजा. बोलीं, पापा का शुगर कम."

मी बघितलं. समोरच्या गाडीची काच खाली आली होती आणि आमची लेक, डोक्यावर ओढणी घेतलेली, माझ्याकडे बघून हात हलवत होती.

म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला. "तुम्हारा बेटी?"

"हां."

"बहुत अच्छा पुलिस है," तो म्हणाला. माझ्याबद्दल नव्हे, तिच्याबद्दल. भाडं आठ रियाल झालं. मी मनात रुपयात केलं आणि आणखी दोन मिनिटं टॅक्सीतच बसून राहिलो.

लेक रागावली नाही, हेच जास्त वाईट. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, उद्या तो सूरला चाललाय, साइटवर मशीन बंद पडलंय. तुम्ही जा त्याच्याबरोबर. जायला-यायला चार-पाच तास लागतील. काय विचारायचं ते विचारून घ्या. गाडीत पळून जायला त्यालाही जागा नाही आणि तुम्हालाही."

"तुला कसं कळलं मी मागे होतो ते?"

"मेसवाल्या काकांनी फोन केला. म्हणाले, तुझे वडील टॅक्सी शोधतायत, पाणी घेऊन गेले नाहीत."

खबरी दोन्हीकडचा निघाला. हे नव्या फौजदारांना मी पुढे सांगू लागलो.

सूरच्या रस्त्याला लागल्यावर मी चौकशी सुरू केली. चौकशीचा नियम असा की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तो प्रश्न आधी विचारायचा. माणूस खोटं बोलला की मग त्या खोट्याला धरून पुढे जायचं.

"पगार वेळेवर होतो ना तुमच्या कंपनीत?"

"नाही काका. तीन महिने झालेला नाही."

झालं. आरोपीने पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली की तपास अधिकाऱ्याची पंचाईत होते. पुढचे वीस प्रश्न मी रात्रीपासून रचून ठेवले होते, ते सगळे त्या वळणावर रस्त्यात सांडले.

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत." मग थोडं थांबून तो म्हणाला, "खरं सांगू का? भीती वाटत होती. पगार नाही म्हटल्यावर कोण मुलगी देईल? ती म्हणाली, बाबांना कळेलच, ते शोधून काढतील, आणि मगच विश्वास ठेवतील. त्यांना सांगितलेलं खरं वाटत नाही."

हे तिने माझ्याबद्दल म्हटलेलं इतकं बरोबर होतं की मी खिडकीबाहेर डोंगर बघू लागलो.

"मग पगार नसताना कामावर कशाला जातोयस?"

"काम सोडलं तर थकलेला पगारही सोडावा लागेल. शिवाय मशीन बंद पडलंय, तिथली माणसं उकडून निघाली असतील."

"आणि खर्च कशातून चालतो?"

"बाजूला काढलेत, त्यातून."

"कुणाकडे?"

"बँकेत काका."

"किती?"

"सहा महिन्यांचा खर्च. भाडं, मेस, पेट्रोल, घरी पाठवायचे, सगळं धरून. दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही, म्हणजे हात जात नाही. तीन महिने गेले, अजून तीन आहेत."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. चोरीचा माल लपवणारे मी खूप बघितले होते. स्वतःचा पैसा स्वतःपासून लपवणारा पहिल्यांदाच बघत होतो.

मग तोच सांगत गेला. पगार झाला की आधी बचत जाते, आपोआप, त्याच दिवशी. उरेल त्यात महिना काढायचा. महिना काढून उरेल ते वाचवू असं म्हटलं की कधी उरत नाही, त्याने दोन वर्षं करून बघितलं होतं. सहा महिन्यांचं खातं भरल्यावरच पुढचं. आईवडील त्याच्यावर अवलंबून, म्हणून एक साधा मुदतीचा विमा, ज्यात मेल्याशिवाय काही मिळत नाही, म्हणून हप्ता कमी आणि रक्कम मोठी. आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम भारतातल्या एका कमी खर्चाच्या फंडात, जो मोठ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेऊन ठेवतो.

"ते बुडत नाहीत?"

"खाली जातात की. म्हणून पाच-सात वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवायचा नाही. सध्या मी तो हप्ता थांबवलाय, पगार नाही ना. पण आत आहे ते काढलेलं नाही."

"गावाकडे जागा वगैरे?"

तो हसला. "माझ्या चुलतभावाने घेतली. दहा वर्षं इथे राबून गावात दुमजली बंगला बांधला. गेल्या साली नोकरी गेली. बंगल्याला कुलूप, आणि हा इथे जेवायला उधारी मागतोय. बंगल्याची एक खिडकी विकून महिना काढता येत नाही काका."

माझ्यातला पोलीस अजून हार मानत नव्हता. मी छाती काढून म्हणालो, "आम्हीसुद्धा काही कमी केलेलं नाही. अकरा पॉलिसी आहेत माझ्या."

"बारा ना?" तो म्हणाला.

आणि जीभ चावली.

तपासात असा क्षण येतो की आरोपीला जे ठाऊक असायचं कारण नाही ते त्याच्या तोंडून निसटतं. मी बारावी पॉलिसी विसरलो होतो. ती हप्ते न भरल्यामुळे बंद पडली होती. हे माझ्या कपाटाबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

"तुला कसं माहीत?"

पहिल्यांदाच संशयित टाळाटाळ करू लागला. म्हणाला, "काका, समोर पंप आहे, चहा घेऊ या का?"

"गाडी चालू ठेव. हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"ते तुम्ही तिलाच विचारा," तो म्हणाला, आणि मग कबुलीजबाब आला. चार वर्षांपूर्वी हा माणूस अल् खुवैरमध्ये ऐटीतच राहत होता. नवी कोरी गाडी हप्त्यावर, दोन क्रेडिट कार्डं, त्यांवर थकबाकी. आमच्या लेकीला त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने काय म्हणावं? तिने बँकेचं स्टेटमेंट मागितलं. सहा महिन्यांचं. चहाच्या दुकानासमोर गाडीत बसून तिने ते पेन घेऊन वाचलं आणि म्हणाली, "आधी ही कार्डं फेड. मग मी विचार करीन." त्याने गाडी विकली, जुनी घेतली, माबेलात गेला. कार्डं फिटायला दीड वर्ष लागलं. काल रात्रीची ती जाड फाइल दोघांच्या हिशेबाची होती. लग्नाला किती खर्च करायचा, हे ते माझ्यासाठी लिहून काढत होते.

म्हणजे माझ्या आधी चौकशी होऊन गेली होती. माझ्यापेक्षा चांगली, कागदोपत्री, आणि टॅक्सीविना.

मग माझाही जबाब झाला. सूर यायला अर्धा तास होता आणि पोराने हळूच विचारलं, बारा पॉलिसी कशा झाल्या? मी सांगितलं. पहिली साडूने गळ्यात मारली. दुसरी एका हवालदाराच्या बायकोने, ती नवी एजंट झाली होती. तिसरी उपअधीक्षकांच्या मेहुण्याने, तिथे तर प्रश्नच नव्हता. प्रत्येक पॉलिसीमागे असा एक माणूस उभा होता, ज्याला मला नाही म्हणता आलं नाही. मी आमदाराच्या फोनला नाही म्हटलंय, साडूला नाही. सगळ्या बारांची मिळून विम्याची रक्कम किती, हे पोराने विचारलं. मी बोटांवर केलं. मी गेलो असतो तर त्या पैशात सौ.ला दीड वर्ष काढता आलं असतं, आणि त्यातही दिवाळी धरलेली नव्हती.

सागाच्या झाडांचीही गोष्ट मी त्याला सांगितली. ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. नव्वदीच्या दशकात एक कंपनी आली होती, झाडं लावायची, वीस वर्षांनी लाखो मिळायचे. मी भरले. कंपनी पळाली. लोक रडत आमच्याच ठाण्यात आले आणि ठाण्यात त्या दिवशी मीच होतो. फिर्याद मी नोंदवली, फसवल्या गेलेल्यांची यादी मी माझ्या हाताने लिहिली, बावन्न नावं. त्रेपन्नावं लिहायची लाज वाटली.

संशयिताने गाडी बाजूला घेतली, कारण त्याला हसू आवरेना. हसता हसता म्हणाला, "सॉरी काका." मीही हसत होतो. इतक्या वर्षांनी ती लाज रस्त्याच्या कडेला गळून पडली आणि पुन्हा उचलावीशी वाटली नाही.

सूरला त्याने तासाभरात मशीन चालू केलं. मग किनाऱ्यावर, जिथे अजून लाकडी जहाजं बांधतात त्याच्या जवळ, आम्ही सुरमई खाल्ली. बिल मी देत होतो. तो म्हणाला, "नाही काका, बाहेर खायचंही त्या सहा महिन्यांत धरलेलं आहे." आणि त्याने दिलं.

संध्याकाळी मुख्य सूत्रधार घरी कांदा चिरत बसला होता. मी समोर बसलो.

"कुठे शिकलीस तू हे?"

"आपल्या घरी," लेक म्हणाली.

"मी तर कधी..."

"तेच म्हणतेय." ती कांदा चिरत राहिली. "आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आठवतंय? मी बारावीत होते. हॉस्पिटलच्या काउंटरसमोर तुम्ही वर्दीत बसला होतात, आणि तिथला माणूस म्हणाला पैसे भरल्याशिवाय दाखल करत नाही. तुम्ही मला म्हणालात, काळजी करू नको, आपल्याकडे पॉलिसी आहेत. मग तुम्ही ठाण्यात फोन केला आणि रायटर हवालदार काकांनी स्वतःच्या बायकोची पाटली मोडून पैसे आणले. दोन तास लागले. तुम्ही सगळा वेळ हसून बोलत होतात, पण टोपी हातात धरून फिरवत होतात." ती थांबली. "तेव्हा मी ठरवलं होतं की माझ्या घरात कुणाला असं बसावं लागणार नाही. एवढंच. बाकी सगळं नंतर वाचून आलं, आणि तुमच्या कपाटातल्या पॉलिसी मोजून."

मला ते ऑपरेशन आठवत होतं. माझ्या आठवणीत मी फार धीराने वागलो होतो. टोपीचं आठवत नव्हतं.

"कांद्याने डोळ्यांत पाणी येतंय तुमच्या," ती म्हणाली, आणि विळी तिकडे सरकवली.

आता अहवाल द्यायचा होता. मी खऱ्या फोनने, पैसे खर्चून, सौ.ला लावला.

"क-समरी," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हाही घडलेला नाही, समजुतीची चूक झाली, असं असलं की आम्ही क-समरीची विनंती करतो."

"म्हणजे तुमची चूक."

"हो."

मी तिला सगळं सांगितलं. पगार नाही हेही. मग ती म्हणाली, "अहो, पण तीन महिने पगार नाही. उद्या कंपनी बंद पडली तर? आपण जरा थांबू या का? निदान पगार सुरू होईपर्यंत?"

तिची भीती खरी होती. बाप म्हणून मला हेच म्हणायला हवं होतं, तीन दिवसांपूर्वी मी हेच म्हणालो असतो. मी म्हणालो, "हे बघ. मला तेहतीस वर्षं एक तारखेला पगार मिळतोय. एक महिना मिळाला नाही तर आपण किती दिवस काढू?"

तिने मनात हिशेब केला. घरचा हिशेब तिच्याइतका कुणाला ठाऊक नाही. "वीसेक दिवस," ती म्हणाली. "दूधवाल्याला थांबवलं तर बावीस."

"या पोराने नव्वद दिवस काढले, आईवडिलांना पैसे पाठवले, आणि आज मला सुरमई खायला घातली. मी हो म्हणतो."

मग सौ. म्हणाली, "सुरमई ताजी होती का?"

मी म्हणालो, ताजी होती. ती म्हणाली, "मग मुहूर्त बघते."

या तपासातून शिकलो काय, ते सांगतो. आम्हा पोलिसांना एकच प्रश्न शिकवतात: पैसा आला कुठून. तो चांगला प्रश्न आहे, पण तो गुन्हेगारांसाठी आहे. सरळ माणसासाठी प्रश्न वेगळा: आला नाही, तर किती दिवस? निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काही महिन्यांत मी ठाण्यात हजेरीनंतर नव्या शिपायांना हा प्रश्न विचारायला लागलो. बहुतेक हसायचे. एकाने मात्र प्रामाणिकपणे हात वर करून सांगितलं, "साहेब, आज अठरा तारीख, मी कालच संपलो." त्याला मी बसवून घेतलं आणि पहिलं खातं उघडायला लावलं. तो आता बरा आहे. कार्ड मात्र घेतलंय, म्हणतो राहवत नाही.

आणखी एक शिकलो. ज्याचे बूट झिजलेले, गाडी जुनी, त्याच्याकडे पैसा नाही असं मी मानत आलो. आता मला गाडी नवी दिसली की काळजी वाटते.

लग्न झालं, छोटंसं, त्या फाइलीत लिहिलं होतं तेवढ्यातच. लग्नाच्या दहा दिवस आधी त्याच्या कंपनीने थकलेला सगळा पगार एकदम दिला. सौ. धावत बाहेर आली, फोन हातात. "अहो, आला की त्याचा पगार."

मी पेपर वाचत होतो. "बरं झालं," मी म्हणालो, "पण आता त्याने फरक पडत नाही."

म्हणालो आणि माझंच मला नवल वाटलं. कारण एक तारखेला सकाळी दहा वाजता कोषागारात फोन करून पगारबिल पास झालं का विचारायचं काम ठाण्यात चौतीस वर्षं माझंच होतं, आणि ते मी कधी कुणा शिपायावर सोपवलं नाही.